पेप्टाइडची वायल, भरतीचे मैदान आणि आंबेडकरी तरुण



गेल्या भरतीच्या तोंडावरची गोष्ट आहे. आमच्या वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत रोज संध्याकाळी पंधरा-वीस पोरेपोरी बसतात. त्यातला एक पोरगा, वय बावीस, सलग तीन दिवस दिसला नाही. चौकशी केली तर कळले, ताप आहे. आम्ही घरी गेलो. आई चार घरची धुणीभांडी उरकून नुकतीच आली होती. पोरगा भिंतीकडे तोंड करून पडलेला. मांडीवर लिंबाएवढी लालबुंद गाठ. बरेच आढेवेढे घेतल्यावर हळूच म्हणाला, "दादा, पेप्टाइड मारत होतो. गुडघ्यासाठी. आईला सांगू नका."

उशीखालून त्याने काचेची छोटी वायल काढून दाखवली. तळाशी चिमूटभर पांढरी पावडर. किंमत चार हजार रुपये. बिल नाही, कंपनीचा पत्ता नाही. लेबलावर बारीक इंग्रजी अक्षरांत मात्र स्पष्ट छापलेले : केवळ संशोधनासाठी, माणसांच्या वापरासाठी नाही. आम्ही त्याला त्या ओळीचा अर्थ विचारला. तो म्हणाला, "ते तर सगळ्यांवरच असतं, ट्रेनर सर बोलले."

सरकारी रुग्णालयात गाठ फोडून पू काढावा लागला. डॉक्टरांनी काय टोचलेस म्हणून विचारले तेव्हा हा घाबरून "बी ट्वेल्व्ह" म्हणाला. खरे काय ते आम्हाला सांगावे लागले. मैदानी चाचणीची तारीख त्याच आठवड्यात येऊन गेली. ज्या मैदानासाठी टोचून घेतले ते मैदानच हातचे गेले.

या पोराला दोष द्यायला आम्ही हा लेख लिहीत नाही. अशी पोरे आज प्रत्येक वस्तीत आहेत. प्रश्न असा आहे की, आपल्या पोरांच्या शरीरात काय जाते आहे, ते कोण विकते आहे, आणि यावर आंबेडकरी चळवळीने काही बोलायचे की नाही?

पेप्टाइड म्हणजे नेमके काय?

आधी विज्ञान समजून घेऊ. आपल्या शरीरातली प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात. मणी ओवून माळ करावी तशी अमिनो आम्ले एकमेकांना जोडली जातात. ही माळ लांब झाली की तिला प्रथिन म्हणतात, आखूड असली की पेप्टाइड. साधारण पन्नासेक मण्यांपर्यंतच्या माळेला पेप्टाइड म्हणण्याची पद्धत आहे. शरीर स्वतःच शेकडो पेप्टाइडे तयार करते. त्यातली बरीचशी निरोप्याचे काम करतात. भूक लागली, पोट भरले, साखर वाढली, वाढीचे हार्मोन सोड, असे निरोप एका अवयवाकडून दुसऱ्याकडे नेतात.

म्हणून पेप्टाइड हा शब्द ऐकून घाबरायचेही कारण नाही आणि भुलायचेही नाही. सर्वांत प्रसिद्ध पेप्टाइड हार्मोन आपल्या ओळखीचे आहे : इन्सुलिन. ५१ अमिनो आम्लांचे. आणि इन्सुलिनचे नाव काढले की आंबेडकरी माणसाला बाबासाहेब आठवलेच पाहिजेत. संविधानाचे काम अंगावर असताना बाबासाहेब मधुमेहाने पोखरले गेले होते. पायांच्या वेदनांनी रात्र रात्र झोप नव्हती. मुंबईत डॉ. मालवणकरांकडे उपचार घेत असताना त्यांची डॉ. शारदा कबीर यांच्याशी ओळख वाढली आणि १५ एप्रिल १९४८ रोजी विवाह झाला. माईसाहेबांनी पथ्यपाणी आणि इन्सुलिन सांभाळले. म्हणजे ज्या काळात संविधानाचा मसुदा आकार घेत होता, त्या काळात तो लिहिणाऱ्या माणसाला एका पेप्टाइडचा आधार होता. तेव्हा "सुई म्हणजे वाईट, केमिकल म्हणजे विष, आपले देशीच बरे" असली भाषा आम्ही करणार नाही. ती भाषा आपली नव्हे.

पण इन्सुलिनचा इतिहास आणखी एक गोष्ट शिकवतो. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरोंटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले. त्या अर्कात अशुद्ध घटक होते. फायदा फारसा झाला नाही आणि टोचलेल्या जागी गळू झाले. मग शास्त्रज्ञ थांबले. कॉलिप यांनी तो अर्क शुद्ध केला आणि बारा दिवसांनी पुन्हा दिला, तेव्हा मुलगा सावरला. औषध तेच. फरक होता शुद्धतेचा, मोजमापाचा आणि चूक झाल्यावर थांबणाऱ्या माणसांचा. आमच्या वस्तीतल्या पोराच्या मांडीवर शंभर वर्षांनंतर तसेच गळू आले. पण त्याच्याबाबतीत थांबणारे, तपासणारे, जबाबदारी घेणारे कोणीच नव्हते.

एकाच नावाखाली तीन वेगळे माल

बाजारात पेप्टाइड या एका नावाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. गोंधळ इथेच होतो.

पहिला प्रकार, तपासून मंजूर झालेली औषधे. इन्सुलिन आहेच. सध्या गाजणारी सेमाग्लूटाइड आणि टिर्झेपेटाइड ही औषधेही यातलीच. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचे हार्मोन सुटते आणि ते काही मिनिटांत विरून जाते. सेमाग्लूटाइड हा त्याचाच आठवडाभर टिकणारा अवतार. भूक कमी होते, पोट सावकाश रिकामे होते, साखर आटोक्यात राहते. लठ्ठ माणसांवरच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन घटले. हे खरे आहे. पण औषध बंद केल्यावर वर्षभरात त्यातले दोनतृतीयांश वजन परत आले, हेही तितकेच खरे आहे. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता नेहमीची. पित्ताचे खडे आणि स्वादुपिंडाची सूज हे कमी वेळा होणारे, पण गंभीर धोके. घटलेल्या वजनात चरबीसोबत स्नायूंचाही वाटा असतो. मधुमेही किंवा अतिलठ्ठ माणसाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली याचा मोठा उपयोग आहे. लग्नाआधी चार किलो उतरवायला किंवा पोटावर सिक्स पॅक दिसायला ते नाही.

दुसरा प्रकार, खाण्यापिण्यातले आणि लावायचे पेप्टाइड. कोलॅजेन पावडर, चेहऱ्याचे क्रीम वगैरे. खाल्लेल्या पेप्टाइडचे पोटात तुकडे होतात आणि त्याची अमिनो आम्ले होतात. डाळीचेही शेवटी तेच होते. धोका कमी, पण किंमत आणि दावे आभाळाएवढे.

तिसरा प्रकार खरा धोक्याचा. बीपीसी-१५७, टीबी-५००, सीजेसी-१२९५, इपामोरेलिन अशी नावे जिममध्ये ऐकू येतात. पहिली दोन दुखापत भरून काढतात म्हणून, दुसरी दोन वाढीचे हार्मोन वाढवतात म्हणून विकली जातात. बीपीसी-१५७ वरचे बहुतेक संशोधन उंदरांवरचे आहे. माणसांवरचे अभ्यास मोजके आणि अगदी लहान. ते नव्या रक्तवाहिन्या वाढवते असे म्हणतात. जखमेला ते बरे, पण शरीरात कुठे गाठ दडून बसली असेल तर तिलाही रक्तवाहिन्या हव्याच असतात. वाढीचे हार्मोन वाढवले की अंगात पाणी साठते, सांधे दुखतात, रक्तातली साखर वर जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे सांगितले. अशा देशात, ज्याच्या आईला किंवा मामाला साखर आहे अशा पोराने साखर वाढवणारी सुई टोचून घ्यायची?

आणि वायलमध्ये लेबलावर लिहिलेलेच औषध आहे याची खात्री कोण देणार? पावडर स्वच्छ आहे का, पाणी किती घालायचे, फ्रीज नसलेल्या घरात ती किती दिवस टिकते, हे कोण सांगणार? एकाच सुईने दोघांनी टोचले तर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीचा धोका वेगळाच.

मुलींच्या वाट्याचे पेप्टाइड

हा फक्त पोरांचा प्रश्न आहे असे कोणी समजू नये. ग्लुटाथायोन हे तीन अमिनो आम्लांचे पेप्टाइड. शरीर ते स्वतः तयार करते. पण त्याचीच इंजेक्शने आणि सलाइने पार्लर व क्लिनिकमधून "ग्लो"च्या नावाने विकली जातात. ग्लो म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. गोरेपणा! त्वचा गोरी करण्यासाठी ही इंजेक्शने घेऊ नका, त्याने मूत्रपिंड आणि थायरॉइडला अपाय होऊ शकतो, त्वचेवर जिवावर बेतणारी प्रतिक्रिया येऊ शकते, असा इशारा फिलिपिन्सच्या औषध प्रशासनाने लोकांना दिला होता.

आमच्या मुली हे का घेतात? कारण स्थळ पाहायला येणारे शिकलेले, विहारात वंदना म्हणणारे लोकसुद्धा "मुलगी जरा सावळी आहे" म्हणतात. काळा रंग हलका आणि गोरा रंग उच्च, हा वर्णाचा हिशेब आपण जयंतीच्या भाषणात मोडीत काढतो आणि लग्नाच्या बैठकीत पुन्हा मांडतो. मुलीच्या शिरेत जाणारी ती सलाइन तिने एकटीने लावलेली नसते. आपण सगळ्यांनी मिळून लावलेली असते.

भरतीचे मैदान आणि रिकामे ताट

आता मूळ मुद्दा. आमचा पोरगा ही वायल का घेतो? उच्चभ्रू वस्तीतला माणूस तारुण्य टिकवायला घेतो. आमचा पोरगा नोकरीसाठी घेतो. पोलिस शिपाई भरतीत मैदानाचे ५० गुण. त्यात मुलांना १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. एकेका सेकंदावर गुण, एकेका गुणावर पिढीचे भवितव्य. भरतीच्या मैदानावर उमेदवारांकडे उत्तेजक इंजेक्शने सापडल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. ज्याच्या घरात पहिली सरकारी नोकरी यायची आहे, त्याला गुडघा दुखतो म्हणून दोन महिने थांब असे सांगणारा माणूस शत्रू वाटतो आणि वायल विकणारा देव वाटतो.

त्या पोराचा गुडघा का दुखत होता? डॉक्टरांनी दहा मिनिटांत सांगितले. घासलेल्या सोलचे बूट, डांबरी रस्ता आणि तीन आठवड्यांत दुप्पट केलेले अंतर. औषध होते विश्रांती, मांडीचे स्नायू बळकट करणारे साधे व्यायाम आणि बरे बूट. हे फुकटात सांगणारा त्याला कोणी भेटला नाही. चार हजार घेऊन दुसरे सांगणारा मात्र लगेच भेटला.

आणि ताट? शरीराला अमिनो आम्ले हवीत ना, ती ताटातूनच यायची असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत पाच वर्षांखालील ३५ टक्क्यांहून अधिक मुले खुरटलेली आढळली आणि अनुसूचित जाती-जमातींमध्ये हे प्रमाण आणखी जास्त. खुरटलेल्या बालपणाची भरपाई बाविसाव्या वर्षी कुठल्याही सुईने होत नाही. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने बैल आणि वळूच्या मांसावर बंदी आली. गोरगरिबांच्या ताटातले सर्वांत स्वस्त मांस गेले. शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू झाले होते, त्याचा निधीही जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने थांबवला. काय खावे हे जातीच्या पावित्र्याने ठरवायचे, गरिबाच्या पोराचे प्रथिन काढून घ्यायचे आणि मग बाजाराने त्याच पोराला अमिनो आम्लांची माळ वायलमध्ये भरून विकायची. ही साखळी आपल्याला दिसली पाहिजे.

हिशेब करा. चार हजार रुपयांत, सात रुपयांचे एक अंडे धरले, तर रोज चार अंडी साडेचार महिन्यांहून जास्त दिवस मिळतात. शंभर ग्रॅम सोयाबीन वड्यांत पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिन असते, शेंगदाण्यात पंचवीस. फुटाणे, डाळ, सुकट, बोंबील आहेतच. हे ताकदीचे साधे, तपासलेले आणि परवडणारे मार्ग आहेत. यांची जाहिरात होत नाही, कारण यात कोणाला चारपट नफा नाही.

"श्रीमंत घेतात, मग आम्ही का नाही?"

हा प्रश्न आमच्याच एका शिकलेल्या मित्राने विचारला. त्याचे म्हणणे असे : माझे शरीर, माझा हक्क. वरच्या वर्गातले लोक हे सगळे वापरून पुढे जातात आणि तुम्ही आमच्या पोरांना फुटाणे खायला सांगता. हीसुद्धा एक प्रकारची जातच नाही का?

प्रश्न बिनतोड वाटतो, म्हणून नीट उत्तर दिले पाहिजे. पहिली गोष्ट, श्रीमंत माणूस सुई घेतो तेव्हा त्याच्यामागे खाजगी डॉक्टर, दर महिन्याची रक्ततपासणी आणि विमा असतो. बिघडले तर तो आठ दिवस रुग्णालयात पडू शकतो. आमच्या पोराचे आठ दिवस गेले की भरती जाते. एकच वायल दोन वर्गांत दोन वेगळ्या वस्तू असतात.

दुसरी गोष्ट, न तपासलेला पदार्थ टोचून घेणे हा हक्क नव्हे, तो प्रयोगाचा उंदीर होण्याचा मान आहे. आपल्या लोकांना तो मान याआधीही मिळालेला आहे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात एचपीव्ही लसीच्या अभ्यासात वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर वॉर्डननी सह्या केल्या होत्या. संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले. लस वाईट नव्हती, प्रश्न संमतीचा होता. तिथे निदान नोंदवही होती, म्हणून संसदेत जाब विचारता आला. जिममधल्या वायलची नोंद कुठेच नाही. इथे उंदीर स्वतःच पैसे मोजतो आणि मेला तरी आकडेवारीत येत नाही.

तिसरी गोष्ट, समतेची मागणी करायचीच असेल तर ती मंजूर औषधांची करा. २०२५ मध्ये सेमाग्लूटाइडचे वजनासाठीचे इंजेक्शन भारतात आले तेव्हा महिन्याचा खर्च सतरा हजारांच्या पुढे होता. इन्सुलिनच्या संशोधकांनी १९२३ मध्ये आपले पेटंट टोरोंटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले होते. सेमाग्लूटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मात्र मार्च २०२६ पर्यंत राखली गेली. पेटंट संपले की औषध स्वस्त होते, पण स्वस्त झालेले औषध सरकारी रुग्णालयात आपोआप येत नाही, ते मागावे लागते. साखरेने पाय गमावणाऱ्या सफाई कामगाराला ते मिळाले पाहिजे, हा आपला लढा आहे. चोरट्या वायलमध्ये वाटा मागणे हा नव्हे.

नवी बुवाबाजी

बुद्धांनी कालामांना सांगितले ते आपण सर्वांनी विहारात ऐकले आहे. कोणी सांगतो म्हणून, परंपरा आहे म्हणून, सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः तपासून पाहा. हा उपदेश आपण सत्यनारायणाला आणि गंडेदोऱ्याला बरोबर लावतो. मग दंड फुगवून रील टाकणाऱ्या ट्रेनरला का लावत नाही? बुवा अंगारा द्यायचा, हा पावडर देतो. बुवाही म्हणायचा बाहेर बोलू नका, हाही तेच म्हणतो. गुण आला तर बुवाची कृपा, नाही आला तर भक्ताची श्रद्धा कमी. इथेही तसेच : नाही आला तर "डोस कमी पडला".

बुद्धांनी स्वतः सहा वर्षे शरीराला छळून पाहिले आणि तो मार्ग सोडला. वीणेची तार फार ताणली तरी सूर निघत नाही, फार सैल सोडली तरी निघत नाही, हे त्यांनी सोणाला समजावले. शरीराबद्दल आंबेडकरी भूमिका याहून वेगळी काय असणार? शरीर तुच्छ नाही. ज्या शरीराचा स्पर्श या समाजाने विटाळ मानला, ते शरीर ताठ उभे करणे ही राजकीय कृतीच आहे. समता सैनिक दलाचा गणवेश घालून शिस्तीत चालणारे पाय हा आपला इतिहास आहे. म्हणूनच ते शरीर कोणाच्याही प्रयोगासाठी नाही.

मग करायचे काय?

कोणतीही सुई घेण्याआधी चार प्रश्न विचारा. हे औषध भारतात मंजूर आहे का? माणसांवर तपासले आहे का? लिहून देणारा नोंदणीकृत डॉक्टर आहे का? बिघडले तर जबाबदार कोण? एकाही प्रश्नाचे उत्तर "सर बोलले" असे आले तर थांबा.

आधीच घेत असाल तर लाजू नका. डॉक्टरांना खरे सांगा, वायल सोबत न्या. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करण्यासाठी १८००-१८०-३०२४ हा शासनाचा मोफत क्रमांक आहे. विनाबिल विकणाऱ्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करा. जे खेळाडू आहेत त्यांनी लक्षात ठेवावे की, वर सांगितलेली चारही पेप्टाइडे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहेत. या संस्थेच्या २०२३ च्या आकडेवारीत भारतातल्या ५६०६ नमुन्यांपैकी २१३ दोषी निघाले. चार वर्षांपर्यंत बंदी येते आणि "मला माहीत नव्हते" हे सांगून सुटका होत नाही.

आणि चळवळीने काय करावे? जयंतीच्या डीजेचा एक दिवसाचा खर्च वाचवला तर विहाराच्या अंगणात व्यायामाची साधी साधने येतात. आपल्या समाजात आता डॉक्टर आहेत, फिजिओथेरपिस्ट आहेत, निवृत्त पोलिस आणि सैनिक आहेत. महिन्यातला एक रविवार त्यांनी वस्तीतल्या भरतीच्या पोरापोरींना द्यावा. शाळेतले अंडे परत यावे यासाठी निवेदन देणे हे निळ्या झेंड्याचेच काम आहे.

तो पोरगा आता पुन्हा धावतो. मातीच्या मैदानावर, हळूहळू अंतर वाढवत. बूट अभ्यासिकेतल्या पोरांनी वर्गणी काढून घेऊन दिले. पुढच्या भरतीत तो निघेल की नाही, सांगता येत नाही. पण त्या दिवशी त्याने ती वायल स्वतःच्या हाताने आम्हाला दिली आणि म्हणाला, "दादा, ही अभ्यासिकेत ठेवा. पोरांना लेबल वाचायला सांगा."

ती वायल आता अभ्यासिकेच्या कपाटात आहे. शिका, असे बाबासाहेब सांगून गेले. त्यात लेबल वाचणेही आले.

जय भीम! नमो बुद्धाय!